उडत्या खाटेची कापलेली दोन मिनिटं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून कळवलं, की यंदा ‘सर्जनशील कारकीर्द कशी घडवावी’ असा विभाग आहे, आणि बालरंजन व जुन्या चित्रपटांचा इतिहास अशा दोन क्षेत्रांत लखनौत नाव काढलेला मराठी माणूस म्हणून माझं नाव एकमताने पुढे आलं. एकमताने येणारच. इथल्या मराठी मंडळींत शास्त्रज्ञ आहेत, प्राध्यापक आहेत, बँकवाले तर गणपतीच्या प्रसादाला टोकन द्यावं लागेल इतके आहेत. दुसऱ्यांच्या पोरांच्या वाढदिवसाला खोटी मिशी चिकटवून जगलेला मी एकटाच. ज्यांना कारकीर्द घडवायची आहे त्यांनी खुशाल पुढचा लेख वाचावा. माझी घडताना मला दिसली नाही. सनावळ्याही आठवत नाहीत, म्हणून दोन-चार प्रसंग सांगतो आणि मग एक गोष्ट कबूल करतो.

वडील वर्ध्याहून इथल्या एका संशोधन संस्थेत आले आणि जन्मभर उंदरांना औषधं पाजत राहिले. मुलगा एम.एस्सी. अर्धवट सोडून एक जुना प्रोजेक्टर घेऊन घरी आला, तेव्हा तीन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी विचारलं, “हे यंत्र गरम होतं का?” मी हो म्हटलं. “मग गादीवर ठेवू नकोस.” त्यांच्याकडून मिळालेलं करिअर मार्गदर्शन एवढंच, आणि ते मी आजतागायत पाळलं आहे.

धंदा साधा होता. इंदिरा नगरातल्या एखाद्या घरी वाढदिवस असला की संध्याकाळी मी प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि फिल्मचे डबे घेऊन जायचो. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार करायचा, चादर ताणून बांधायची आणि ‘प्रोफेसर फुर्र’ म्हणून मुलांसमोर उभं राहायचं. फिल्म सोळा मिलिमीटरची. म्हणजे बोटाच्या रुंदीची लांबच लांब पट्टी, कडेला भोकं, आणि पट्टीवर लहान लहान चित्रं, सेकंदाला चोवीस. आवाजही त्याच पट्टीच्या दुसऱ्या कडेला छापलेला असतो. माझ्या फिल्मांचा आवाज इतका झिजलेला होता, की नायक बोलायला लागला की कुणीतरी मागच्या खोलीत बोंबील परततंय असं वाटे. म्हणून आवाज बारीक करून मीच सगळ्यांची वाक्यं बोलायचो. राजा मी, राणी मी, घोडा मी.

गिऱ्हाईकं एकेक अशी भेटली, की त्यांच्यावरच चित्रपट काढावा. एका ठेकेदार साहेबांनी फिल्म सुरू होण्याआधी मला बाजूला घेऊन विचारलं, “प्रोफेसर साहब, इस पिक्चर में हमारे बेटे का नाम नहीं आ सकता?” फिल्म त्यांच्या स्वतःच्या जन्माआधीची होती. तरी मी म्हटलं, “क्यों नहीं।” तेव्हापासून नायकाला त्या त्या वाढदिवसाच्या मुलाचं नाव द्यायची पद्धत मी पाडली आणि ती तुफान चालली. दुसऱ्या कुठल्या नायकाने आयुष्यात बहुधा कधी इतकी बारशी करून घेतली नसतील. एकदा जुळ्यांचा वाढदिवस निघाला. नायकाला एका भावाचं नाव दिलं आणि दुसऱ्याला समजूत म्हणून वजीर केलं. वजीर दुष्ट निघाला. फिल्म संपायच्या आत दोघांनी एकमेकांच्या तोंडात केक कोंबला, आणि त्यांची आई माझ्याकडे असं बघत होती, की वजिराची भूमिका मलाच द्यायला हवी होती.

या सगळ्यात माझी हुकमी फिल्म एकच, उडत्या खाटेची. ती मला नक्खासच्या रविवारच्या बाजारात मिळाली. भंगारवाला तीन डबे पुढ्यात ठेवून बसला होता. मी हात लावताच म्हणाला, “भाईजान, ये देखने की चीज़ नहीं है, गलाने की है। इसमें से चाँदी निकलती है।” ते खरंच होतं. काळ्यापांढऱ्या फिल्मच्या लेपात चांदी असते आणि तिच्यापायी आपल्या देशाचे कितीतरी जुने चित्रपट भट्टीत गेले. मी डबे उचलले तेव्हा आपण इतिहास वाचवतोय अशी माझी पक्की समजूत झाली. ही समजूत लक्षात असू द्या.

फिल्मचं सुरुवातीचं टोक तुटलेलं होतं, त्यामुळे नाव, नटांची यादी काहीच नाही. गोष्ट अशी, की एका गरीब मुलाची खाट एके दिवशी उडायला लागते आणि त्याला घेऊन राजवाड्यात, जंगलात, समुद्रावर जाते. मुलं खूश. मात्र खाट पहिल्यांदा उडते त्यानंतर दोन मिनिटांचा एक प्रसंग होता. मुलाची धाकटी बहीण, असेल सहा-सात वर्षांची, खाटेमागे गच्चीच्या कठड्यापर्यंत धावते. खाट दिसेनाशी होते. मग ती परत येते आणि जिथे खाट होती त्या रिकाम्या जागी भावासाठी अंथरूण घालते. सतरंजी पसरते, उशी ठेवते, उशी नीट करते, पुन्हा नीट करते, आणि बाजूला बसून राहते. एक शब्द नाही. मीसुद्धा तिथे काही बोलायचो नाही, कारण बोलायला सुचायचंच नाही.

तिथे मुलं रडायची. एखाददुसरं नव्हे, सगळीच्या सगळी. आधी एखादीचा ओठ थरथरायचा आणि मग पुढची ओळ, मागची ओळ, सगळा दिवाणखाना. पुढे भाऊ परत येतो, हे मी घसा फोडून सांगायचो, पण ऐकतो कोण.

आता आपल्याकडे वाढदिवसाला रडणं म्हणजे अपशकुन. दुसऱ्या दिवशी फोन. “प्रोफेसर साहब, आप तो हँसाने आए थे! बर्थडे के दिन हमारी बच्ची को रुला दिया, रात भर तकिया पकड़े रही।” एका आजीबाईंनी तर दारातच माझी नजर उतरवली, म्हणजे माझ्यापासून मुलाला वाचवण्यासाठी. एकाच महिन्यात असे तीन फोन आले आणि एक ठरलेला वाढदिवस रद्द झाला. तेव्हा मी, इतिहास वाचवणारा, जेवणाच्या टेबलावर फिल्म पसरली, कात्री घेतली आणि ती दोन मिनिटं कापून काढली. दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली. जोड प्रोजेक्टरमधून जाताना टक्‌ असा आवाज व्हायचा, तिथे मी जोरात “फुर्र!” म्हणायचो. खाट उडाली की थेट राजवाडा. एकही मूल रडलं नाही. धंदा वाढला.

माझी बायको नंदिनी तेव्हा बँकेतून नुकतीच आली होती. खुर्चीवर लोंबणारी पट्टी बघून म्हणाली, “अहो, हे परत जोडता येईल ना?”

“येईल की.”

“मग तुकडा नीट ठेवा. तुमच्या वस्तू तुम्हालाच सापडत नाहीत.”

मी तो बिस्किटांच्या डब्यात नीट ठेवला. आणि पुढच्याच हिवाळ्यात रिटर्न गिफ्टची साथ आली. प्रत्येक पाहुण्या मुलाला जाताना हातात काहीतरी द्यायचंच, असा नियम शहराने एकमुखाने केला. मला कल्पना सुचली. माझ्या सगळ्या कल्पना मला त्याच टेबलावर सुचल्या, हे टेबल विकायला हवं होतं. फिल्मच्या पाच-सहा चित्रांचा एक तुकडा कापायचा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचा, आणि ‘प्रोफेसर फुर्रकडून खरीखुरी फिल्म’ असं लिहून द्यायचा. मुलं तो दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून बघायची. दोन मिनिटं म्हणजे जवळजवळ तीन हजार चित्रं. ती दोन-तीन वर्षं पुरली. डबा रिकामा झाला तेव्हा मी त्यात खिळे ठेवले.

याच काळात मी चित्रपट-इतिहासाचा जाणकार झालो. हे पद कसं मिळतं ते होतकरूंनी जरूर वाचावं. एका स्थानिक वर्तमानपत्राला रविवारच्या पानासाठी जुन्या सिनेमावर मजकूर हवा होता आणि माझ्याकडे डबे होते. दोन लेखांनंतर मी ‘फिल्म इतिहासकार’ झालो, पाच लेखांनंतर ‘वरिष्ठ’. मग महाविद्यालयांत भाषणं. माझं आवडतं वाक्य होतं, “फिल्म की एक-एक फ्रेम हमारी धरोहर है।” टाळ्या पडायच्या. एकदा हे वाक्य बोलून, शाल घेऊन घरी आलो आणि त्याच संध्याकाळी चौक बाजारातल्या एका चिकनकारी कापडाच्या व्यापाऱ्याच्या नातवासाठी चाळीस चौकटी भरायला बसलो. शाल अंगावरच होती. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही, आणि आज या गोष्टीची जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीही वाटत नाही.

पुढे वाढदिवसांना थीम आल्या, चादरीवरचा काळापांढरा सिनेमा कुणाला नकोसा झाला. प्रोफेसर फुर्रची मिशी कपाटात गेली आणि वरिष्ठ इतिहासकार तेवढे उरले. गेल्या वर्षी मुलीने उडत्या खाटेच्या फिल्मचा एक तुकडा चादरीवर दाखवून मोबाइलवर टिपला आणि इंटरनेटवर टाकला. “पापा, कुछ तो लोग देखें,” म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

तो तुकडा शुभ्रा त्रिपाठी नावाच्या एका संशोधक मुलीने पाहिला. ती हरवलेल्या बालचित्रपटांवर प्रबंध लिहीत होती. फोनवर ती एका दमात बोलत होती. “सर, आपको पता है ये क्या है? इसका कोई प्रिंट कहीं नहीं है। सिर्फ़ आपके पास है।” मी नम्रपणे खाकरलो. मग ती म्हणाली, की या चित्रपटात काम केलेली एक व्यक्ती अजून आहे. नायकाची धाकटी बहीण झालेली मुलगी. वय ऐंशीच्या पुढे, राहते इथेच, विकास नगरात. कुसुम सक्सेना. आयुष्यात त्या एकाच चित्रपटात त्यांनी काम केलं आणि तो त्यांनी कधीच पाहिला नाही.

“सर, आपकी रील कम्प्लीट है न?”

“ऑलमोस्ट,” मी म्हणालो.

पुढचे आठ दिवस मी जुन्या गिऱ्हाईकांना फोन करत होतो. पोरं मोठी होऊन बंगळूर, पुणे, टोरोंटोला गेलेली. सगळ्यांना प्रोफेसर फुर्र आठवत होता, चौकट कुणाकडेच नव्हती. “अंकल, वो तो मम्मी ने दिवाली की सफ़ाई में फेंक दिया होगा।” एकीने मात्र विचारलं, “अंकल, उसमें एक तकिया था न?” तिला चित्र आठवत होतं. चित्र मात्र तिच्याकडेही नव्हतं.

ठरलेल्या दिवशी दुपारी नंदिनी माझ्याबरोबर निघाली. मी नको म्हटलं तरी निघाली. गाडीत म्हणाली, “सांगून टाका.”

“बघू. आधी फिल्म तर दाखवतो.”

“तुम्ही बघू म्हणालात की मला भीती वाटते.”

कुसुम आंटी तयार होऊन बसल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, नुकते विंचरलेले पांढरे केस, हातात चष्म्याची पेटी. शुभ्राने पडदे ओढले, मी चादर बांधली. प्रोजेक्टर सुरू झाला आणि आंटी खुर्चीच्या कडेवर सरकल्या. पहिल्या रिळात त्यांची दोन ओझरती दृश्यं आहेत. “अरे, वो! घड़े के पीछे! वो हम हैं!” त्या इतक्या जोरात ओरडल्या, की नंदिनीने त्यांचा हात धरला. मग गच्ची आली. खाट उडाली. टक्‌. राजवाडा.

मी फुर्र म्हणालो नाही. त्या शेवटपर्यंत वाट बघत बसल्या. भाऊ परत आला, सगळे आनंदाने नाचले, त्या नाचातसुद्धा त्यांचा पाठमोरा फ्रॉक एकदा दिसून गेला. चादर पांढरी झाली. शुभ्राने पडदा सरकवला.

“अच्छा,” आंटी म्हणाल्या. “तो सच में काट दिया था।”

मी प्रोजेक्टर बंद केला. त्याच पुढे म्हणाल्या, “हमारा एक सीन था, छत वाला। डायरेक्टर साहब ने बाबूजी से कहा था, बच्ची का सीन अच्छा आया तो रखेंगे, नहीं तो काट देंगे। फिर बाबूजी का तबादला यहाँ हो गया, पिक्चर हम देख नहीं पाए। बाद में किसी ने बुलाया भी नहीं। तो हम समझ गए थे, भाई। अच्छा नहीं आया होगा।” मग माझं तोंड बघून, मलाच धीर द्यायला म्हणाल्या, “आप क्यों परेशान हैं? आपने तो इतना सँभाल के रखा।”

शुभ्रा माझ्याकडे वळली. “सर, आपको रील ऐसी ही मिली थी न?”

इतकी सोयीची पळवाट मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. नुसती मान हलवायची होती. शुभ्राच्या प्रबंधात माझे आभार छापून आले असते, शाली येत राहिल्या असत्या. पण तो प्रसंग पाहिलेला आणि तो कसा होता ते ठाऊक असलेला माणूस त्या खोलीत मी एकटा होतो. तो फार चांगला होता हे सांगायचं, तर मला ते कसं ठाऊक, हेही सांगावं लागत होतं. नंदिनी माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

“आंटी, सीन था,” मी म्हणालो. “डायरेक्टर ने नहीं काटा। मैंने काटा।”

शुभ्राच्या हातातून पेन पडलं. आंटींनी चष्मा काढला. “आपने? क्यों?”

“बच्चे रोते थे।”

“कौन बच्चे?”

“सब। जहाँ भी दिखाया, सब। आप तकिया रखती थीं, फिर ठीक करती थीं, फिर बैठ जाती थीं। उसी पर। घरवाले शिकायत करते थे कि बर्थडे पर रुला दिया। इसलिए काट दिया। और टुकड़े… टुकड़े मैंने बच्चों में बाँट दिए।”

“शिकायत करते थे,” आंटी सावकाश म्हणाल्या. “क्या शिकायत?”

मी तिन्ही फोन सांगितले. रात्रभर उशी धरून झोपलेली मुलगी सांगितली, नजर उतरवणारी आजी सांगितली. त्यांनी आजीचं पुन्हा सांगायला लावलं. मग एकदम त्यांचा चेहरा लाल झाला. “तो रोने देते! दो आँसू में बच्चे मर जाते क्या? आपको काटने का हक़ किसने दिया?”

“किसी ने नहीं।”

“नहीं काटना चाहिए था।”

“नहीं काटना चाहिए था, आंटी।”

चाळीस वर्षांत मी लोकांच्या खूप शिव्या खाल्ल्या, पण इतक्या रास्त कधीच नव्हत्या. मला वाटलं, आता या आपल्याला घराबाहेर काढणार, आणि मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागलो. “बैठिए,” त्या म्हणाल्या. “बताइए। शुरू से। हम छत पर कहाँ से आते हैं?”

मी रिकाम्या चादरीपुढे उभा राहिलो. मिशी नाही, टोपी नाही. त्या प्रसंगाला मी कधी आवाज दिला नव्हता, तो पहिल्यांदाच दिला. मुलगी डावीकडून धावत येते, कठड्याला पोट टेकवून वर बघते, टाचा उचलते. मग परत येते. सतरंजी पसरते. उशी ठेवते. नीट करते.

“कैसे ठीक करती है?”

“ऐसे… थपथपाती है।”

“नहीं।” त्या उठल्या. दिवाणावरची उशी घेतली आणि गुडघ्यांवर हात देत हळूहळू फरशीवर बसल्या. शुभ्रा आधार द्यायला पुढे झाली, तिला हातानेच थांबवलं. उशी जमिनीवर ठेवली. एकदा कोपरा सरळ केला. थांबल्या. मग उशी उचलून उलटी केली, वरची बाजू खाली, आणि तिच्यावरून एकदाच तळहात फिरवला. “गर्मी के दिन थे न। भैया को ठंडी तरफ़ चाहिए होती। ये किसी ने बताया नहीं था, हमने अपने से किया था।”

शेकडो वेळा तो प्रसंग पाहून, कापून, वाटून टाकूनही मला हे कधी कळलं नव्हतं. मुलांना पहिल्याच वेळी कळत होतं.

त्या उशीशेजारी बसून राहिल्या, पडद्यावर बसायची तशाच, हात मांडीवर ठेवून. शुभ्राचा मोबाइल टेबलावर पडलेला होता. हे सगळं टिपून घेणं तिचं कामच होतं, पण ती ओढणीने डोळे पुसत होती. नंदिनी तर उघडउघड रडत होती. आणि मी, वरिष्ठ फिल्म इतिहासकार, वायरचं भेंडोळं छातीशी धरून नाक ओढत उभा होतो.

कुसुम आंटींनी मान वळवली. शुभ्राचं तोंड पाहिलं, नंदिनीचं पाहिलं, मग चष्मा चढवून माझं नीट निरखून पाहिलं.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “तो अच्छा आया था।”